थीम रेस्टॉरंटमध्ये पैसे वाया जाऊ नयेत म्हणून: जाण्यापूर्वी, टेबलावर आणि बिल आल्यावर काय करावे

पुण्या-मुंबईत आणि या शहरांतून बाहेर पडणाऱ्या महामार्गांवर गेल्या काही वर्षांत अशी बरीच हॉटेले उभी राहिली आहेत, जिथे लोक आधी जागा पाहायला आणि मग जेवायला जातात. कुठे तुरुंगाच्या गजांआड टेबले मांडलेली असतात, कुठे खेळण्यातली आगगाडी टेबलापर्यंत ताटल्या आणून देते, तर कुठे बैलगाडी, रहाट, तुळशीवृंदावन आणि फेटेवाले वाढपी यांच्या साहाय्याने एक आख्खे गाव वसवलेले असते. अशा ठिकाणी जाण्यात गैर काहीच नाही. मुलांना ती जागा आवडते, परगावच्या पाहुण्यांना काही वेगळे दाखवल्याचे समाधान मिळते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचाही वेळ बरा जातो. मात्र चार माणसांच्या एका जेवणासाठी घरातल्या आठवड्याच्या किराण्याइतकी रक्कम मोजावी आणि पानात कोमट आमटी व चिवट भाकरी पडावी, हे अनेक कुटुंबांच्या वाट्याला येते. ज्याने हौसेने सगळ्यांना नेलेले असते त्याचा तर त्या संध्याकाळी फार हिरमोड होतो. थोडी पूर्वतयारी केली आणि योग्य वेळी तोंड उघडले, तर यातला बराच मनस्ताप टाळता येतो, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अशा ठिकाणी आपण एकाच बिलात दोन गोष्टी विकत घेत असतो: देखावा आणि जेवण. देखाव्यासाठी किती रुपये द्यायची आपली तयारी आहे, हे घरून निघण्यापूर्वी ठरवलेले असेल, तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मुलांना दोन तास मजा करू द्यायची आहे आणि जेवण यथातथा असले तरी चालेल, असे ठरवून गेलेल्या कुटुंबाची निराशा होत नाही. उलट, चांगले जेवण मिळेल या अपेक्षेने जाऊन देखाव्याचे पैसे भरणाऱ्याला ती हमखास होते.

असे का होते, हे समजून घेतले तर निवड करताना त्याचा उपयोग होतो. हॉटेलच्या धंद्यात एखाद्या पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारणपणे एकतृतीयांशाच्या आसपास ठेवण्याचा रिवाज आहे. उरलेल्या रकमेतून पगार, भाडे, गॅस, वीज आणि नफा निघतो. सजावटीवर मोठे भांडवल घातले, मोठी जागा भाड्याने घेतली आणि दाराशी ढोल-ताशे वाजवायला माणसे ठेवली, की तो खर्च भरून काढण्यासाठी मालकापुढे तीनच वाटा उरतात: किंमत वाढवणे, वाढप कमी करणे किंवा मालाचा दर्जा उतरवणे, आणि पुष्कळदा तिन्ही थोड्याथोड्या प्रमाणात वापरल्या जातात. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. गल्लीतल्या खानावळीचे पोट रोजच्या गिऱ्हाइकावर चालते, त्यामुळे सोमवारी भाजी बिघडली तर मंगळवारी गल्ला रिकामा राहतो. केवळ देखाव्यावर चालणाऱ्या जागेला मात्र पहिल्यांदा येणारी माणसे सतत मिळत राहतात, आणि ती परत आली नाहीत तरी पुढच्या रविवारी नवी रांग लागतेच. जिथे गिऱ्हाईक परत येण्याची गरज नाही, तिथे स्वयंपाकघरावर लक्ष ठेवण्याची निकडही राहत नाही.

सगळीच आगळीवेगळी ठिकाणे अशी नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अहमदाबादला लाल दरवाजा भागातल्या लकी रेस्टॉरंटमध्ये टेबलांच्या मध्ये खऱ्याखुऱ्या कबरी आहेत आणि त्यांच्यावर फुले वाहिली जातात. तो देखावा कुणी उभारलेला नाही. मुळात कबरस्तान असलेल्या जागेवर हॉटेल वाढत गेले आणि कबरी जागच्या जागी जपल्या गेल्या. तिथे लोक चहा आणि मस्काबनसाठी वर्षानुवर्षे परत येतात. त्याच शहरातले १९७८ मध्ये सुरू झालेले विशाला हे गुजराती गावाच्या धर्तीवरचे हॉटेल जुन्या भांड्यांचे संग्रहालयही सांभाळते. पॅरिसमध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘दाँ ल न्वार?’ या उपाहारगृहात पूर्ण अंधारात जेवण वाढले जाते आणि दृष्टिहीन कर्मचारी गिऱ्हाइकांना वाट दाखवतात. तिथली कल्पना चवीकडे लक्ष वेधण्यासाठी योजलेली आहे. तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न हा विचारावा की, या जागेचे वेगळेपण जेवणाशी किंवा त्या ठिकाणाशी जोडलेले आहे, की ते कुठल्याही चार भिंतींवर चिकटवता आले असते? उत्तर दुसरे असेल, तर खिसा आणि अपेक्षा दोन्ही आवरून जावे.

जाण्यापूर्वीची चौकशी

गुगल मॅप्सवरचे सरासरी तारे पाहून निर्णय घेऊ नये, कारण पाच तारे देणाऱ्यांपैकी बहुतेक जण सजावटीविषयी लिहितात. अभिप्राय सर्वांत नवे आधी अशा क्रमाने लावावेत आणि दोन व तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे सावकाश वाचावे. पूर्ण चिडलेला माणूस एकच तारा देऊन मोकळा होतो, पण तीन तारे देणारा सहसा काय चांगले होते आणि काय नव्हते हे वेगवेगळे सांगतो. त्यानंतर गिऱ्हाइकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत. शंभर छायाचित्रांत झोपाळा, कंदील आणि बैलगाडीच दिसत असेल आणि भरलेले ताट क्वचितच दिसत असेल, तर त्यातून पुरेसे कळते. मेनूकार्डाचे किंवा बिलाचे छायाचित्र सापडले तर ते सर्वांत मोलाचे, कारण त्यावरून ताजे दर आणि बिलात जोडलेली शुल्के दोन्ही समजतात. इन्स्टाग्रामवरच्या चित्रफिती जागेची ओळख करून घेण्यापुरत्या ठीक आहेत. चवीच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये, कारण त्या अनेकदा हॉटेलच्या निमंत्रणावरून केलेल्या असतात.

नंतर फोन करावा. फोनवर विचारायचे प्रश्न संकोच न करता विचारावेत, कारण नंतर दारात उभे राहून मुलांसमोर हेच प्रश्न विचारणे अवघड जाते. प्रवेशासाठी वेगळे पैसे आहेत का, आणि असल्यास ते जेवणाच्या बिलातून वळते होतात का? थाळी अमर्याद आहे की ठरावीक वाढपाची, आणि अमर्याद असेल तर गोड पदार्थ, ताक आणि मासे-मटण त्यात धरले आहेत का? मुलांचा अर्धा दर किती वयापर्यंत लागू आहे? शनिवार-रविवारी दर बदलतात का? उंटाची फेरी, मेंदी, कुंभाराचे चाक अशा गोष्टींचे पैसे वेगळे द्यावे लागतात का? बिलात सेवा शुल्क लावले जाते का? ही उत्तरे मिळाल्यावर मेनूकार्ड आणि दरपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे. जो हॉटेलवाला बिनदिक्कत पाठवतो त्याच्याकडे लपवण्यासारखे फारसे नसते, आणि पुढे काही वाद झाला तर तो संदेश आपल्या हाती राहतो. ॲपवरून टेबल राखून सवलत मिळवणार असाल, तर ती थाळीला, गटाच्या जेवणाला आणि सुटीच्या दिवशी लागू आहे का हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. बहुतेक वेळा नेमके हेच तीन प्रकार वगळलेले असतात.

मागवण्याची रीत

टेबलावर बसल्याबरोबर सगळ्या जेवणाची ऑर्डर देऊ नये. ही साधी गोष्ट पाळली तरी नुकसान निम्म्यावर येते. वेटर वही घेऊन उभा असतो, मुलांना भूक लागलेली असते आणि कुणीतरी म्हणते, ‘एकदमच सांगून टाका, उशीर नको.’ तरीही पहिल्या फेरीत एखादे स्टार्टर, एक भाजी आणि दोन भाकऱ्या किंवा रोट्या एवढेच मागवावे आणि वेटरला तसे मोकळेपणाने सांगावे: ‘भाऊ, आधी एवढेच आणा, चव बघून पुढचे सांगतो.’ पदार्थ येईपर्यंत शेजारच्या टेबलांवर नजर टाकावी. एका प्लेटमध्ये किती येते, ताटात किती उरते आणि लोक दुसऱ्यांदा काय मागवतात, हे पाहिले की मेनूकार्डावरच्या वर्णनाची गरज उरत नाही.

मेनूकार्डात पंजाबी, चायनीज, दाक्षिणात्य, इटालियन आणि ‘गावरान’ असे सगळेच असेल, तर स्वयंपाकघरात आधीच करून ठेवलेल्या दोन-तीन ग्रेव्ह्या आहेत असे गृहीत धरावे. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी आणि पालकाची हिरवी ग्रेव्ही सकाळी मोठ्या पातेल्यांत तयार होते आणि पनीर, कोफ्ता, मिक्स व्हेज यांपैकी जे मागाल ते त्यांत सोडून समोर येते. यात फसवणूक नाही, मोठ्या स्वयंपाकघराची ती गरज आहे. पण पनीरचे तीन वेगवेगळे प्रकार मागवून एकाच चवीचे पैसे तीनदा देण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी जे पदार्थ मागणी आल्यावरच करावे लागतात ते निवडावेत: भजी, तव्यावरचा मासा, ऑम्लेट, डोसा, तंदुरी रोटी.

गावाच्या देखाव्याच्या ठिकाणी भाकरी, पिठले आणि ठेचा या तीन पदार्थांवरून स्वयंपाकघराची परीक्षा चांगली होते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे तपशिलाने सांगतो. ताज्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सुटलेला असतो आणि तो उचलला की आतून वाफ येते. आधी थापून ठेवलेली आणि पुन्हा तव्यावर टाकलेली भाकरी कडेला वाळते, मध्ये चामट होते आणि तोडताना ओढावी लागते. ताजे पिठले वाटीत हलवले की सैलसर सरकते, त्यावर फोडणीचे तेल चमकत असते. करून ठेवलेल्या पिठल्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, आणि ऐनवेळी त्यात गरम पाणी घालून सारखे केलेले असेल तर पाणी कडेला आणि गुठळ्या मध्ये अशी त्याची फाळणी झालेली दिसते. ठेचा खलबत्त्यात किंवा तव्यावर रगडलेला असेल तर मिरचीचे तुकडे आणि बी वेगवेगळे दिसते. मिक्सरमधून काढलेला ठेचा गुळगुळीत चटणीसारखा असतो. पुण्याजवळच्या अशाच एका ठिकाणी, जिथे प्रवेशद्वारापाशी चूल पेटवून एक मावशी भाकऱ्या थापत बसलेल्या होत्या, आमच्या ताटात मात्र आतल्या खोलीतून आलेल्या गार भाकऱ्या पडल्या. बाहेरची चूल केवळ छायाचित्रांसाठी होती, हे विचारल्यावरच कळले. त्यामुळे अशी चूल दिसली, तर ‘या चुलीवरची भाकरी आमच्या ताटात येणार का?’ हे बसण्यापूर्वी विचारणे पूर्णपणे योग्य आहे, आणि ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी लावणाऱ्याने त्याचे सरळ उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

कोकणात आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या सजवलेल्या जागांमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. पापलेट, सुरमई, खेकडे, शेवंड यांच्या नावापुढे आकड्याऐवजी ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते. अशा वेळी मासा आधी पाहावा, त्याचे वजन आणि तळून किंवा भाजून ताटात येईपर्यंतची एकूण किंमत वदवून घ्यावी आणि ती वेटरच्या वहीत आपल्यासमोर लिहायला लावावी. तळलेल्या माशाची किंमत खाऊन झाल्यावर ठरत असेल, तर ती गिऱ्हाइकाच्या बाजूने कधीच ठरत नाही.

पाण्याची बाटली टेबलावर आधीच ठेवलेली असते आणि झाकण फिरवले की ती आपली होते. छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी बेकायदा आहे असे पुष्कळांना वाटते, पण बसून जेवण्याच्या हॉटेलांना बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा अधिक दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. म्हणून वाद घालण्यापेक्षा बसताक्षणीच ‘साधे पाणी आणा’ असे सांगून बाटल्या परत पाठवाव्यात.

धूर निघणाऱ्या पदार्थांविषयी

देखाव्याच्या हौसेपोटी सरबतातून, मिठाईतून किंवा बिस्किटांतून धूर काढण्याची पद्धत पसरली आहे. इथे पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न असल्यामुळे हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा. हा धूर कोरड्या बर्फाचा किंवा द्रव नायट्रोजनचा असतो. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. यांपैकी काहीही तोंडात किंवा पोटात गेले तर तोंड, घसा आणि जठराला गंभीर इजा होते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले. मुलांसाठी असे पदार्थ मागवूच नयेत. मोठ्यांनी मागवले, तर धूर पूर्ण थांबेपर्यंत आणि तळाशी एकही पांढरा खडा उरलेला नाही याची खात्री होईपर्यंत ग्लास ओठाला लावू नये. बडीशेपेच्या वाटीत बडीशेप आणि खडीसाखरेशिवाय दुसरे काही दिसले, तर ते काय आहे हे विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये.

जेवण बिघडलेले असेल तर

तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच करावी. अर्धीअधिक वाटी संपल्यावर केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही, आणि बिल आल्यावर केलेली तर अजिबातच नाही. वेटरवर आवाज चढवू नये. पदार्थ त्याने केलेला नसतो, दर त्याने ठरवलेला नसतो आणि बदलून देण्याचा अधिकारही त्याला नसतो. कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवावे आणि दोष व मागणी दोन्ही नेमक्या शब्दांत सांगावे: ‘साहेब, ही भाकरी गार आहे आणि पिठल्यात गुठळ्या आहेत. आम्ही दोनच घास घेतले आहेत. गरम करून नको, नवीन करून द्या, नाहीतर हे बिलातून काढा.’ ‘जेवण काही बरोबर नाही’ असे मोघम बोलले की मोघम दिलगिरी मिळते आणि ताट तसेच राहते.

कशाबद्दल हक्काने बोलायचे आणि कशाबद्दल नाही, हा फरक ध्यानात असावा. पदार्थ गार, कच्चा, करपलेला, आंबलेला, मागितला त्याहून वेगळा किंवा कार्डावर लिहिल्यापेक्षा कमी असेल, तर तो बदलून मागणे रास्त आहे. चव आपल्याला रुचली नाही, मसाला घरच्यासारखा नव्हता, एवढ्यावरून पैसे परत मागता येत नाहीत. तिथे थांबावे, पुढची ऑर्डर देऊ नये आणि उरलेले जेवण दुसरीकडे करावे. चार माणसांचे मुख्य जेवण मागवण्यापूर्वी उठून जाण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि पहिली फेरी लहान ठेवण्याचे कारणही हेच.

आपल्याकडे अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे ‘जाऊ दे, वाढदिवसाच्या दिवशी वाद नको’ असे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असते. टेबलावर सगळ्यांसमोर बोलण्याऐवजी उठून काउंटरपाशी जावे आणि तिथे शांतपणे बोलावे. मॅनेजरलाही इतर गिऱ्हाइकांसमोर चर्चा नकोच असते, त्यामुळे तिथे तोडगा लवकर निघतो आणि मुलांची संध्याकाळही बिघडत नाही.

पदार्थ खराब झालेला असेल किंवा त्यात काही सापडले असेल, तर तो खाणे थांबवून लगेच छायाचित्र काढावे आणि शक्य असेल तर तो डब्यात बांधून घ्यावा. अशी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर करता येते. त्यासाठी हॉटेलचा चौदा आकडी परवाना क्रमांक उपयोगी पडतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे.

बिल वाचण्याची पद्धत

बिलाची तळाची रक्कम पाहून लगेच क्यूआर कोड स्कॅन करू नये. आधी पदार्थ आणि त्यांची संख्या मोजावी. पापड, ताक आणि पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या लागण्याचा प्रकार नेहमीचा आहे. मग खालच्या ओळी वाचाव्यात. समजा, पदार्थांची बेरीज २,६४० रुपये आहे. त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणून २६४ रुपये जोडले की २,९०४ रुपये होतात, आणि या वाढलेल्या रकमेवर केंद्राचा अडीच टक्के व राज्याचा अडीच टक्के मिळून १४५ रुपये २० पैसे जीएसटी लावला जातो. एकूण ३,०४९ रुपये २० पैसे. सेवा शुल्क नसते तर जीएसटी १३२ रुपये लागला असता आणि बिल २,७७२ रुपये झाले असते. म्हणजे २७७ रुपये २० पैसे अशा एका ओळीमुळे गेले, जी द्यावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेलला बिलात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, ते दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही, ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारता येत नाही आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटनांनी या सूचनांना आव्हान दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या याचिका फेटाळल्या. त्यामुळे काउंटरवर एवढेच म्हणावे: ‘सेवा शुल्क ऐच्छिक आहे, ते काढून नवीन बिल द्यावे.’ ‘मेनूकार्डावर लिहिले आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. वाढणाऱ्याने मनापासून सेवा केली असेल, तर त्याच्या हातात रोख बक्षिसी द्यावी, आणि ती खुशाल द्यावी. निकृष्ट जेवणाचा राग त्याच्यावर काढू नये.

स्वतंत्र हॉटेलांत जेवणावर एरवी ५ टक्के जीएसटी लागतो. बिलावर १८ टक्के दिसले, तर ते हॉटेल महागड्या खोल्यांच्या, म्हणजे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या निवासी हॉटेलच्या आवारात आहे का, हे विचारावे. तसे नसेल तर स्पष्टीकरण मागावे. जे हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठी असलेल्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहे त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसे त्याच्या बिलावर लिहिलेले असावे लागते. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. तेव्हा दारू आणि जेवण यांची बेरीज एकत्र करून तिच्यावर जीएसटी लावलेला दिसला तर बिल दुरुस्त करून घ्यावे.

काही ठिकाणी नुसत्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली जाते. पक्के बिल मागावेच, कारण बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही’ असे सांगितले तर नंबर न देताच छापील बिल मागावे. आणि बिलाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे; थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते आणि नेमकी तक्रारीच्या वेळी हाती कोरी पट्टी राहते.

नंतरची कार्यवाही

सेवा शुल्क काढायला नकार, कार्डावरच्या दरापेक्षा जास्त आकारणी, जाहिरातीत दाखवलेली वस्तू प्रत्यक्षात न देणे, अशा गोष्टींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते, आणि तक्रार संबंधित हॉटेलकडे पाठवून उत्तर मागवले जाते. पुष्कळ प्रकरणे याच पायरीवर मिटतात, कारण लेखी तक्रार आली की रक्कम परत करणे मालकाला सोयीचे वाटते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची, म्हणजे आपण हॉटेलला मोजलेली, रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, ती ई-जागृती पोर्टलवरून करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि हॉटेल महाबळेश्वरला असले तरी आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. लिखापढीसाठी मार्गदर्शन हवे असेल, तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत हा चांगला आधार आहे. एका बेचव जेवणासाठी आयोगात जाणे वेळेच्या हिशेबाने परवडणारे नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण बिलातल्या बेकायदा आकारणीसाठी १९१५ वर तक्रार जरूर करावी, कारण त्याच काउंटरवर रोज शेकडो कुटुंबे तीच रक्कम भरत असतात.

अभिप्राय लिहिणे हा यातला सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण तो पुढच्या कुटुंबाच्या हाती आयता पडतो. दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर लिहावा. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती माणसे गेली, काय मागवले, त्याचा दर काय होता, ताटात काय आले, कुणाला सांगितले आणि त्यांनी काय केले, हे क्रमाने लिहावे. सोबत बिलाचे आणि ताटाचे छायाचित्र जोडावे, मात्र बिलावर आपला मोबाइल क्रमांक असेल तर तो आधी झाकावा. देखावा चांगला असेल तर तसेही लिहावे. मुलांसाठी जाणाऱ्याला तीच माहिती हवी असते. ‘हे चोर आहेत’, ‘हे लोकांना विष घालतात’ असली विधाने टाळावीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे, आणि जे प्रत्यक्ष अनुभवले तेवढेच तपशिलासह लिहिणाऱ्याची बाजू भक्कम राहते. अभिप्राय काढून टाकण्याच्या बदल्यात फुकट जेवणाचे आमिष आले तर ते स्वीकारू नये. मालकाने चूक मान्य करून पैसे परत केले किंवा स्वयंपाकघरात खरोखर सुधारणा केली, तर मात्र मूळ मजकूर तसाच ठेवून त्याखाली तारखेसह तशी नोंद करावी.